मोडलेल्या बांधाचं टिपण

'बेचिराख' हा शब्द मी आधी नकाशावर वाचला आणि बऱ्याच वर्षांनी शेतात उभा राहून समजून घेतला. जमीनमोजणीच्या ऑफिसात माझं काम नकला काढण्याचं. जुना गावनकाशा टेबलावर पसरायचा, त्यावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं, चारी कोपऱ्यांना वजनं ठेवायची आणि इंग्रजांच्या काळात कोणीतरी काढलेली रेघ आपल्या हातानं पुन्हा काढायची. दिवसभर हेच. साहेब लोकांना ते काम हलकं वाटे, बायकोला कंटाळवाणं वाटे, आणि मला मात्र माणसांपेक्षा रेघा बऱ्या वाटत. मी मुळातच तिरसट. कोणी 'अंदाजे सांगा' म्हटलं की माझं डोकं फिरायचं.

त्या नकाशांत अधूनमधून असं एखादं गाव लागायचं, ज्याला शीव आहे, शेतांचे नंबर आहेत, नाल्याचं वळणसुद्धा नीट दाखवलंय, पण गावठाणाच्या जागी नुसती तुटक रेघ आणि आत बारीक अक्षरात 'बेचिराख'. म्हणजे गाव उठलं. प्लेगनं उठलं, पुरानं उठलं की विहिरी आटल्या म्हणून लोक निघून गेले, ते नकाशा सांगत नाही. खान्देशात अशी गावं बरीच. शेतकरी त्या जागेला पांढर म्हणतात, कारण आजूबाजूला सगळी काळी जमीन आणि तेवढीच माती राखेनं, शेणानं, पडलेल्या भिंतींनी पांढुरकी झालेली असते.

मी जळगावच्या ऑफिसात असताना जामनेरचा एक माणूस शेताच्या नकलेसाठी आला. वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेला वायरमन, आता जामनेरच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणू लागलो आणि तो मला चेष्टेनं साहेब म्हणू लागला. माझ्या टेबलावर तेव्हा एक बेचिराख गाव पसरलेलं होतं. त्यानं ते उलट्या बाजूनं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "साहेब, इथं गाडीवाट नाल्यात उतरते, तिथं चढ आहे का?" तीस माणसं रोज माझ्या टेबलाशी येत, पण नकाशा वाचणारा हा पहिलाच.

त्याच्याकडे स्वतः बनवलेलं यंत्र होतं. पिठाच्या चाळणीची जाळी काढून टाकून तिच्या लाकडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली, त्याला बांबूचा दांडा, आणि दांड्याला एक जुना ट्रान्झिस्टर बांधलेला. ट्रान्झिस्टरमधून एकसुरी कुंई असा आवाज चालू राहायचा. कड्याखाली धातू आला की तो सूर चढायचा. दिसायला यंत्र अगदीच गबाळं, बसमध्ये लोक हसायचे. पण बायकोची जोडवी अंगणात वीतभर खोल पुरून मी त्याची परीक्षा घेतली होती आणि ते एकदाही चुकलं नव्हतं.

मग आमचे रविवार सुरू झाले. मी नकाशा काढायचो, तो यंत्र आणायचा. लोकांना वाटायचं आम्ही गुप्तधनाच्या मागे आहोत, आणि खरं सांगायचं तर पहिले दोन-तीन रविवार मलाही तसंच वाटत होतं. भाऊनं तो भ्रम लवकर काढला. पांढरीवर फार काही मिळत नाही, तो म्हणायचा, तिथली माती लोकांनी खत म्हणून गाड्या भरभरून नेलीय. माणूस जिथं वाकतो तिथं त्याचं काहीतरी पडतं. म्हणून नकाशात आम्ही घरं शोधत नसू. नदीचा उतार, गाडीवाटेचा चढ, बाजार भरायची झाडं, मोटेचं पाणी पडायचं विहिरीचं थारोळं, असं शोधायचो. माझी धुळ्याला बदली झाल्यावर तो एस.टी.नं धुळ्याला येऊ लागला. सोनगीरच्या किल्ल्याखाली जुना रस्ता आताच्या हायवेपासून बराच बाजूनं जायचा. हे मला नव्वद वर्षांपूर्वीच्या नकाशानं सांगितलं, आणि त्या रेघेवर चालताना यंत्र अर्ध्या तासात पाच वेळा चढलं. दोन गाडीचे खिळे, बैलाच्या पायाचा अर्धा नाल, एक ढब्बू पैसा, एक पितळी घुंगरू. पैसा आम्ही नियमाप्रमाणे तहसिलीत नेऊन दिला. तिथल्या कारकुनानं तो घेण्याआधी आम्हालाच तीन फेऱ्या मारायला लावल्या.

गंमत वाटायला हवी होती. मला परतताना दर वेळी उदास वाटायचं. जे हरवलं तेवढंच शिल्लक राहतं, सांभाळलेलं सगळं जातं, हे काही बरं नाही. भाऊला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला रविवारची सुट्टी मानवत नाही."

ह्या सगळ्याची हकिगत मी गावी फुईला सांगायचो. फुई म्हणजे माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. वडिलांना आम्ही आबा म्हणत असू. ते जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती, आई त्याच्याही आधी गेली होती, आणि गावातल्या घरात फुई एकटीच राहत होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती तरुणपणीच माहेरी परत आलेली. मूलबाळ नाही असं लोक म्हणत. एक झालं होतं, ते सव्वा महिन्याचं होऊन गेलं, आणि त्याला कोणी धरत नसे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मूल आमच्याच घरात जन्मलं आणि आमच्याच घरात गेलं. मुलगा होता. बारशाला माझ्या आजीनं त्याच्या पायात चांदीचे वाळे घातले होते.

आमच्याकडे एवढं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि पुरायला बाया जात नाहीत, आई तर नाहीच. आजोबा तापानं पडलेले होते. एकोणीस-वीस वर्षांचे आबाच भाच्याला घेऊन शेतात गेले. जाताना फुईनं त्यांना एकच सांगितलं होतं, वाळे काढू नको. आबांनी परत येऊन सांगितलं, काढले नाहीत, लिंबापासून सात पावलं, विहिरीच्या अंगाला, बांधाला लागून. फुईनं ते बेचाळीस वर्षं पाठ केलेलं होतं. मला ती कित्येकदा म्हणून दाखवायची, आणि तिच्या तोंडून ते शेताच्या चतुःसीमेसारखं ऐकू यायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात घरोघरी पितरांची घागर भरतात. नवी घागर, वर डांगर म्हणजे खरबूज, पुढे सांजोऱ्या आणि आंब्याचा रस. पण सव्वा महिन्याच्या मुलाची घागर नसते. तो पितर होत नाही. त्याला श्राद्ध नाही, तिथी नाही, भिंतीवर फोटो नाही. म्हणून दर आखाजीला घरातली घागर भरून झाली की फुई एक पणती पदराखाली घेऊन शेतात जायची, त्या जागी लावायची आणि परत यायची. एवढंच त्याचं होतं.

मग गटवारी आली. तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी एकत्र करायची सरकारी योजना, त्यात अदलाबदल झाली आणि आमचा पूर्वेचा तुकडा शेजाऱ्याला गेला. माणूस वाईट नव्हता. पण त्यानं बांध मोडून नांगराखाली घेतला आणि लिंब तोडला. शेतकरी तेच करणार. बांध गेला, झाड गेलं, तशी फुईची जागाही गेली. त्यानंतर ती अंदाजानं जायची. काळ्या सपाट रानात कुठेतरी थांबायची, मनाशी काहीतरी जुळवायची आणि पणती ठेवायची.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात मी आखाजीला गावी गेलो तर फुई जेवायला वाढता वाढता म्हणाली की शेजारी ट्रॅक्टर आणतोय, सगळं रान खोल उलटवून सपाट करणार आहे आणि मधोमध नवी विहीर घेणार आहे. आठ-दहा दिवसांत काम सुरू होईल. मी जेवत राहिलो. मग ती म्हणाली, "तू जमिनी मोजस ना? मंग मन्ही एवढी जागा मोजी दे."

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "ट्रॅक्टर फिरना म्हंजे मंग काय ऱ्हाई? जागा सापडनी तं तठली मूठभर माटी काढसू, तापीमा सोडी येसू."

मी म्हटलं, फुई, जागा मोजून सापडेल, पण हातभर इकडं-तिकडं होणार. खात्री एकाच गोष्टीनं होईल, ती म्हणजे वाळे. चांदी मातीत टिकते, आणि ती सांगणारं यंत्र माझ्या ओळखीत आहे.

"माले वाळा नही पाह्यजेत," ती म्हणाली. "जागा पाह्यजे."

हे वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. माझ्या डोक्यात यंत्र बसलं होतं.

धुळ्याला येऊन मी आमच्या नंबराचं टिपण काढलं. टिपण म्हणजे पहिल्या मोजणीच्या वेळी मोजणीदारानं शेतातच बसून काढलेलं कच्चं रेखाटन, मोडीत लिहिलेलं. गटवारीनंतरच्या नकाशात आमचा बांध पुसला गेला होता, पण टिपणात तो जिवंत होता, साखळ्या-आण्यांसकट. जुनी साखळी तेहेतीस फुटांची आणि तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फुटांहून जरासा मोठा. बांधाच्या रेघेवर एका ठिकाणी झाडाची बारीक खूण होती आणि शेजारी मोडीत 'लिंब'. ते मी बोट ठेवून तीनदा वाचलं. ऑफिसात बारा वर्षं काढून एकदा तरी ह्या कागदांनी माझ्या घरच्या माणसाचं काही भलं करावं असं मला फार वाटत होतं.

आखाजीनंतरच्या शुक्रवारी मी रजा टाकली. भाऊ आदल्या दिवशीच धुळ्याला येऊन राहिला होता. सकाळी सात वाजता आम्ही शेतात होतो. शेजाऱ्याला विचारलं तर म्हणाला, खोदा, नाहीतरी सगळं उलटंपालटंच होणार आहे. फुई आमच्याबरोबर रानाच्या कडेपर्यंत आली आणि तिथल्या बाभळीखाली बसली. मी म्हटलं, ये ना जवळ. ती नको म्हणाली.

"तठे बायास्नी जावानं नही," ती म्हणाली. बेचाळीस वर्षांनी, आपल्या स्वतःच्या मुलासाठी, साठीच्या बाईनं हे म्हणावं ह्याचा मला राग आला. पण पणती घेऊन दरसाल जातेसच ना, असं काही मी तिला म्हटलं नाही. ते तिनं तिच्या हिशेबानं बसवलेलं असणार.

तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड गटवारीतही कोणी हलवू शकत नाही. तिथून मी टेप लावला. टिपणातले आकडे फुटांत करून घेतले होते. पहिली रेघ, मग काटकोनात दुसरी, मग बांधाची. खुंट्या ठोकत गेलो. लिंबाच्या खुणेवर पोचलो तेव्हा तिथं नुसती ढेकळं होती. भाऊनं कुदळ घातली. दोन फुटांवर कुजलेलं खोड लागलं, भुसा झालेलं, पण लिंबाचा तो कडवट वास अजून होता. शंभर वर्षांपूर्वीचा तो मोजणीदार आणि मी, आमच्यात पाच बोटांचा फरक निघाला. भाऊनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी बाभळीकडे हात केला, फुईनं तिकडून हात केला.

विहिरीच्या अंगाला सात पावलं मी आबांची टाकली. आबा उंच होते, मीही तेवढाच उंच आहे. सातव्या पावलाशी थांबलो तर माझ्यापासून दोन हातांवर एक पणती कलंडून पडलेली दिसली. परवाच्या आखाजीची. वात अर्धी जळलेली. बांध नाही, झाड नाही, कसली खूण नाही, आणि बाई नुसत्या पायांच्या आठवणीनं दोन हातांपर्यंत येऊन थांबत होती.

आम्ही दोघांनी लांब-रुंद खड्डा घेतला, घाई न करता. वीतभर माती काढायची, यंत्र फिरवायचं, पुन्हा वीतभर. ट्रान्झिस्टर एकाच सुरात बोलत होता. अडीच फुटांवर कुदळ दगडाला लागली. एक, मग दुसरा, मग असे चार, डोक्याएवढे, एकाला एक लावून ठेवलेले. आमच्या त्या रानात पुरुषभर खोल गेलं तरी दगड लागत नाही, सगळी कापसाची काळी माती. ते दगड कोणीतरी नाल्यातून उचलून आणलेले होते. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून ठेवतात तसे.

दगड आम्ही हातांनी उचलले. त्याखालची माती जरा मऊ होती. दुसरं काही नव्हतं, एवढ्या लहान जिवाचं काय राहणार. भाऊनं यंत्र खड्ड्यात उतरवलं. आवाज बदलला नाही. त्यानं आपल्या बोटातली अंगठी कड्यासमोर धरली, सूर चढला. अंगठी बाजूला केली, सूर उतरला. आम्ही खालची आणखी हातभर माती काढली. मग वर काढलेली सगळी माती मुठीमुठीनं कड्याखालून नेली, बोटांनी कुस्करली. दहा वाजून गेले होते आणि ऊन तापलं होतं.

भाऊ शेवटी म्हणाला, "साहेब, मशीन बरोबर आहे."

"नकाशाही बरोबर आहे," मी म्हणालो. माझ्या सवयीनंच म्हणालो. आणि म्हटल्यावर मला कळलं मी काय बोललो ते.

नकाशा चुकला असता तर आबा खरे ठरले असते. नकाशा बरोबर होता, खोड होतं, दगड होते, म्हणजे वाळे तिथं कधी नव्हतेच. माझ्या बापानं मेलेल्या भाच्याच्या पायांतून चांदी काढून घेतली आणि बहिणीच्या तोंडावर खोटं सांगितलं. पंचक्रोशीत बांधाची भांडणं लागली की लोक आबांना बोलवायचे. माप म्हणजे माप, बोलणं म्हणजे बोलणं, हे मला त्यांनी शिकवलं. मला त्या खड्ड्यात उभं राहून त्यांची शिसारी आली, आणि लगेच त्यांना कोणीतरी उघडं पाडेल म्हणून भीतीही वाटली. कोणीतरी म्हणजे मीच.

बाभूळ तिथून पन्नास पावलांवर. तेवढ्या अंतरात मी ठरवलं. फुईनं आयुष्यभर एका माणसावर भरवसा ठेवला, तो तिचा भाऊ. नवरा गेला तेव्हा त्यानं तिला आणून घरात ठेवलं, वहिनीच्या बरोबरीनं वागवलं. तो भरवसा आता मोडायचा नाही. मी स्वतःला फार मोठा समजत होतो त्या क्षणी.

ती उठून उभी राहिली होती. "सापडनं का रे?"

"नही, फुई," मी म्हणालो. "नकाशाच चुकना. जुनं माप, जुळनं नही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं खड्ड्याकडे. "मंग तो कोठे शे?"

मी म्हणालो, माहीत नाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि घराकडे चालू लागली. स्वयंपाक व्हायचा होता, आणि पाहुणा घरी होता. मागं आम्ही दगड जसे होते तसे ठेवले, माती लोटली. मूठभर माती मी खिशात घेतली होती. तापीत सोडायची म्हणून घेतली, पण मग तिला काय सांगायचं हे सुचेना, म्हणून तिथंच परत टाकून दिली.

हे सगळं मी तेव्हा भाऊला बोललो नाही. त्यानंही विचारलं नाही, तार गुंडाळून बसमध्ये बसला. पण ती गोष्ट पोटात राहीना. पंधरा दिवसांनी मी जामनेरला त्याच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं, आबांना शिव्या घालत. तो एका रेडिओचं पोट उघडून बसला होता. मान वर न करता त्यानं ऐकलं.

"चांदी ठेवून कोण पुरतं, साहेब?" तो म्हणाला. "गावात दहा जणांनी ते वाळे बारशाला पाहिलेले असतात. आठ दिवसांत कोणीतरी उकरतं आणि लेकरू तसंच उघड्यावर टाकून जातं. म्हणून काढून घेतात. पुढच्या नाल्यात नाहीतर नदीत सोडून देतात. आणि आईला सांगतात, ठेवले. ज्यांनी पोर पुरलंय त्या सगळ्या माणसांना हे ठाऊक आहे. तुम्ही पुरलेलं नाही, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही."

मग तो सोल्डर फुंकत म्हणाला, "मी माझ्या पोरीचे काढले होते. बायकोला अजून सांगितलेलं नाही."

तिथून मी घरी न जाता बस बदलत गावी गेलो. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. रान उलटून पडलेलं होतं, शिवेपासून शिवेपर्यंत, आणि जिथं माझ्या खुंट्या होत्या तिथून जरा पलीकडे विहिरीचा मोठा गोल खड्डा आणि भोवती मातीचे ढीग. मी फुईला काय सांगणार होतो? जागा बरोबर होती, तू बरोबर होतीस, आबाही बरोबर होते, आणि आता तिथं काही राहिलेलं नाही? चहा घेतला आणि म्हणालो, चल, आता धुळ्याला आमच्याकडे राहा. ती आली. काही विचारलंसुद्धा नाही तिनं, मला वाटतं तिला आता त्या गावात थांबायला कारण उरलं नव्हतं.

धुळ्यात ती साडेतीन वर्षं राहिली. पहिल्या आखाजीला बायकोनं घागर भरली, आणि मी पाहत होतो की फुई पणती घेते का. तिनं घेतली नाही. दुपारी मी तिच्याशेजारी बसलो तेव्हा ती आपणहून म्हणाली, "इतला वरीसं मी भलत्याच जागे दिवा लावा." तक्रारीचा सूर नव्हता. डाळीत खडा निघाला असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. मग विचारलं, "दुसरा नकाशा व्हई ना रे तुन्हा हापिसमा? बराबर व्हई असा?"

पाहतो, मी म्हणालो. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी ती विचारायची, आणि मी पाहतो म्हणायचो. ऑफिसातून आलो की ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायची. माझी बायको एकदा म्हणाली, काय एवढा नकाशा पाहिजे त्यांना, एकदा आणून टाका ना. भाऊबरोबरचे रविवार मी बंद केले. भाऊची दोन पत्रं आली, त्यांना मी उत्तर दिलं नाही.

शेवटच्या हिवाळ्यात ती अंथरुणाला लागली. छातीत कफ, बोलणं कमी. एके दिवशी सकाळी बायको बाजारात गेली होती, आणि फुईनं पुन्हा विचारलं. मग मात्र मला राहवलं नाही. मी कपाटातून त्या टिपणाची माझी नक्कल काढली, तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. हा बांध, हा लिंब, खोड सापडलं होतं. इथं चार दगड होते. तुझी पणती इथं होती, दोन हातांवर, एवढ्या वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. नकाशा चुकला नव्हता फुई, मीच खोटं बोललो. वाळे आबांनी काढून घेतले होते, लेकराला कोणी उकरू नये म्हणून, सगळेच तसं करतात. मी रडत होतो आणि बोलत होतो.

तिनं ऐकून घेतलं. कागदावर बोट फिरवलं, लिंबाच्या खुणेपासून थोडं पुढे. मग तो बाजूला सारला आणि माझा हात धरला.

"माले बरं वाटाले पाह्यजे म्हनीसन सांगी राह्यना तू," ती म्हणाली.

मी म्हणालो, नाही फुई, आईची शपथ.

"जागा तीच ऱ्हाती तं वाळा सापडी जातात," ती म्हणाली, मलाच समजावत. "मन्हा भाऊ मन्हासंगे कधी खोटं बोलना नही. तुन्हा नकाशाच चुकेल व्हई."